फळ्यावरची अळी पुसून टाका

मागच्या अंकात दुधाच्या दातांविषयी लिहिताना मी शिक्षकांना आणि अंगणवाडीताईंना एक विनंती केली होती: मुलांना दातांविषयी शिकवताना तुम्ही कुठे अडता ते कळवा. पत्रांचा गठ्ठाच आला. त्यातली आठ इथे घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते, मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी लहान मुलांचे दात बघते. गुरुवारी दवाखाना बंद असतो. त्या दिवशी सकाळी आरसे, ब्रश आणि दातांचा साचा पिशवीत घालून वाडीवस्तीवरच्या शाळांत जायचं, हे गेली २४ वर्षं चालू आहे. खालची उत्तरं बरीचशी त्या गुरुवारांनीच मला शिकवली.

प्रश्न : मी पहिली-दुसरीला शिकवते. दातांच्या पाठाला फळ्यावर मोठा दात काढते, त्यात काळं भोक आणि भोकातून डोकावणारी अळी. मुलांना चित्र फार आवडतं, पण घासण्यात काही फरक पडत नाही. काय चुकत असेल?
(एक शिक्षिका, खटाव तालुका)

उत्तर : बाई, अळी पुसून टाका. दात राहू द्या, भोकही राहू द्या, अळी तेवढी नको.

हे मी माझ्या चुकीतून सांगते आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी प्लॅस्टरचा नारळाएवढा दात करून घेतला होता. त्यात खड्डा आणि खड्ड्यात काळ्या लोकरीची अळी. मुलं ओरडायची, हसायची, आणि पाठ छान झाला असं मला वाटायचं. पंधरा-वीस दिवसांनी एक आई दुसरीतल्या मुलीला घेऊन दवाखान्यात आली. पोर आठ दिवस उजव्या बाजूने चावत नव्हती आणि कुणाला तोंड उघडून दाखवत नव्हती. तोंड उघडलं की अळी बाहेर येईल आणि ओठावर चालायला लागेल, अशी तिला भीती बसली होती. दाढेत मोहरीएवढा खड्डा होता, दहा मिनिटांचं काम. पण ती खुर्चीत आ करून बसायला तीन खेपा लागल्या. त्या संध्याकाळी मी साच्यातली अळी उपटून टाकली.

आपल्या भाषेत जी कीड जोंधळ्याला लागते तीच दाताला लागते, त्यामुळे मुलांचं सोडा, मोठ्यांनाही आत खरोखर किडा असतो असं वाटतं. रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून धुरी देणारे आणि 'बघा, अळ्या पडल्या' म्हणून वाटी दाखवणारे लोक मी लहानपणी गावात पाहिले आहेत. वाटीत पडतं ते बियांमधलंच काहीतरी. दातात अळी नसतेच. भीतीपेक्षाही मोठा तोटा पुढे आहे. अळी असेल तर ती मारायची, आणि मारणं हे मोठ्यांचं काम. मग मुलाच्या हाती करण्यासारखं काय उरलं? तुमच्या वर्गात चित्र आवडतं आणि ब्रश हलत नाही, त्याचं कारण मला तिथे दिसतं.

अळीच्या जागी विरजण आणा. शुक्रवारी सकाळी मुलांसमोर वाटीभर कोमट दूध घ्या, सगळ्यांना बोट बुडवून चाटू द्या, मग चमचाभर ताक घालून झाकून ठेवा. शनिवारी परिपाठ झाला की झाकण काढा. काल गोड होतं, आज आंबट कसं झालं? कुणी केलं? कुणाला दिसलं का? मग सांगा की असेच डोळ्यांना न दिसणारे जंतू आपल्या तोंडात असतात. आपण गोड खाल्लं की तेही खातात आणि आंबट करून ठेवतात, आणि ते आंबट दाताला झिजवतं. कोरेगाव तालुक्यातल्या एका वस्तीशाळेत पहिलीतला मुलगा ताडकन उठून म्हणाला होता, "म्हणजे ते साखर खातात आणि आपल्या दातावर आंबट शी करतात!" इतकं नेमकं मला कॉलेजात कुणी समजावलं नव्हतं. तेव्हापासून मी त्याचंच वाक्य वापरते.

सोमवारी पट्टी काढा. सकाळी सहा ते रात्री नऊ, अर्ध्या तासाला एक चौकोन, म्हणजे ३० चौकोन. काल ज्या ज्या वेळी गोड किंवा चिकट खाल्लं तो चौकोन लाल करायचा. गोड खाऊन झाल्यावरही तोंडातलं आंबटपण अर्धा तास तरी रेंगाळतं, मग लाळ ते हळूहळू धुऊन काढते. पाच गोळ्या एका दमात खाल्ल्या तर एक चौकोन लाल होतो, तासातासाला एकेक चघळली तर पाच. हे तुम्ही सांगू नका, मुलांना पट्टीवर सापडू द्या. सापडलं की वर्गात जो गलका होतो, तो ऐकण्यासारखा असतो.

आणि मग ब्रश. खायचा लाल रंग वाटीभर पाण्यात चार थेंब, कापसाच्या बोळ्याने दातांना लावायचा, एक चूळ भरायची, आरशात बघायचं. जिथे जिथे थर राहिला आहे तिथे रंग धरलेला दिसतो, बहुतेक हिरडीच्या कडेला आणि मागच्या दाढांवर. तो जाईपर्यंत घासायचं. आदल्या दिवशी पालकांना कळवा आणि गणवेशावर जुना टॉवेल बांधा. इथे मात्र मूल स्वतः काहीतरी करतं, आणि केलेलं त्याला दिसतं.

प्रश्न : व्हिनेगरमध्ये अंडं ठेवण्याचा प्रयोग मी दर वर्षी करतो. यंदा काही पालकांनी अंड्याला हरकत घेतली. शिवाय प्रयोगानंतर एका मुलीने विचारलं, "मग सर, लिंबाचं लोणचं खायचं नाही का?" तिला काय सांगू?
(एक शिक्षक, सोलापूर)

उत्तर : सर, अंड्याची अडचण सोपी आहे. शहाबादी फरशीचा तुकडा तुमच्याकडे कुठेही मिळेल. तो चुनखडीचाच दगड. खिळ्याने थोडा खरवडून त्यावर व्हिनेगर टाका, बारीक बुडबुडे येताना दिसतात. अंड्याचं कवच आणि हा दगड दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटचे. खडू मात्र वापरू नका. हल्लीचे बरेच खडू जिप्समचे असतात, मुलं बुडबुड्यांची वाट बघत बसतात आणि काहीच होत नाही.

मुलीचा प्रश्न मोलाचा आहे, कारण प्रयोगातली उणीव तिने बरोबर पकडली. दाताचं वरचं आवरण, ज्याला इनॅमल म्हणतो, ते कॅल्शियम आणि फॉस्फेटचं असतं आणि शरीरातला सगळ्यांत कठीण भाग असतं. ते कवचासारखं एका रात्रीत मऊ पडत नाही. थोडं झिजतं, लाळेतून पुन्हा थोडं भरतं, अशी देवाणघेवाण रोज चालू असते. भरण्यापेक्षा झीज जास्त झाली, आणि महिनोन् महिने होत राहिली, की खड्डा पडतो. तिला सांगा, जेवणात लोणच्याची फोड खा, त्याने काही होत नाही. दिवसभर आवळासुपारी किंवा चिंचेची गोळी गालात धरून बसू नको.

अर्ध्या अंड्याला टूथपेस्ट फासून 'बघा, पेस्टने वाचलं' असं दाखवण्याचाही एक प्रकार चालतो. तो करू नका. पुष्कळदा तो फसतो, आणि जमला तरी पेस्ट लेपासारखी दातावर चिकटून राहते असा समज होतो. पेस्टमधलं फ्लोराइड दाताला आम्लापुढे टिकायचं बळ देतं, झिजलेलं भरून यायला मदत करतं. ते अंड्यावर दिसत नाही.

प्रश्न : आमच्या अंगणवाडीत २२ मुलं आहेत. खिचडीनंतर रोज ब्रश करून घ्यावा असं फार वाटतं. पण एकच नळ, आणि पाणी दिवसाआड. मदतनीसताई म्हणतात, जमणार नाही. शिवाय लोहाचं औषध चालू केल्यापासून काही मुलांच्या दातांवर काळ्या रेषा आल्यात आणि आया औषध बंद करा म्हणतात.
(एक अंगणवाडी सेविका, माण तालुका)

उत्तर : ताई, जमेल. पाण्यावाचून जमेल.

कोरड्या ब्रशावर पेस्ट लावा. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर नागमोडी पेस्ट दाखवतात, ती मुलांसाठी कधीच नाही. पेस्ट साधी, फ्लोराइड असलेली घ्या, पाकिटावर १००० पीपीएम किंवा त्याच्या आसपास लिहिलेलं असतं. घासून झालं की फक्त थुंकायचं. चूळ भरायची नाही, कारण चुळीबरोबर फ्लोराइडही वाहून जातं. थुंकायला बादलीत तळाला माती घालून ठेवा, रोज संध्याकाळी बदला. पाणी लागलं तर फक्त ब्रश विसळायला, दोन तांबे.

ब्रश ओळखायला नावं लिहून उपयोग नाही, मुलांना वाचता येत नाही. आंबा, मासा, चांदणी, कोंबडा अशी चित्रं चिकटवा आणि प्रत्येकाला त्याचं चित्र नेमून द्या. महिन्याभरात दोन वर्षांचं पोरही आपला कोंबडा बरोबर उचलतं. ठेवायला लाकडी फळीला भोकं पाडून घ्या, डोकी वर, एक ब्रश दुसऱ्याला लागणार नाही इतकं अंतर, वरून मच्छरदाणीचं कापड. बंद डब्यात ओले ब्रश कोंबू नका. केस वाकडे झाले की किंवा तीन महिने झाले की ब्रश बदला. त्या खर्चासाठी ग्रामपंचायतीशी आणि बचत गटाशी बोला, मी जिथे जिथे बोलले तिथे कुणी ना कुणी पुढे आलं.

घासायचं कसं, तर जात्यासारखं गोल गोल. दात मिटून ओठांमागे गोल फिरवायचं, मग आ करून दाढांच्या माथ्यावर पुढे-मागे. ही गोल पद्धत अमेरिकेतल्या ब्रिजपोर्ट गावच्या आल्फ्रेड फोन्स या दंतवैद्याच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी १९१३ साली बायकांना दातांच्या आरोग्याचं शिक्षण देणारा वर्ग काढला आणि त्या बायका पुढे शाळांत जाऊन मुलांना शिकवू लागल्या. तुम्ही जे करू म्हणता त्याला शंभरावर वर्षांचा आधार आहे. स्कॉटलंडमध्ये तर बालवाड्यांत रोज मोठ्यांच्या देखरेखीखाली ब्रश करून घेतात, आणि तिथे मुलांच्या दातांची कीड खरोखर उतरली.

पण एक गोष्ट आयांना स्पष्ट सांगायला हवी, आणि ह्या सगळ्या पानांत मला सगळ्यांत कळकळीने सांगायची आहे तीच. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचं मनगट नीट घासण्याइतकं वळत नाही. ते ब्रश फिरवतं, दात साफ होत नाहीत. अंगणवाडीतला ब्रश सवयीसाठी, आणि रोज थोडं फ्लोराइड लागावं म्हणून. रात्रीचा ब्रश मोठ्या माणसाच्या हाताने व्हायला हवा, कारण झोपेत लाळ कमी होते आणि दात उघडे पडतात. पालकसभेत हे बोलून दाखवू नका, करून दाखवा. आईला मांडी घालून बसवा, मुलाचं डोकं तिच्या मांडीवर, उवा बघताना घेतो तसं. वरून अख्खं तोंड दिसतं. मी हे दाखवते तेव्हा दर वेळी एखादी आई म्हणते, "अगंबाई, मागच्या दाढा मी आज पहिल्यांदा बघितल्या." बाटलीने दूध पीत झोपणारी मुलं असतील तर वरचे पुढचे चार दात त्याच वेळी तपासा. ओठ उचलला की हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसते, ती किडीची पहिली खूण. तिथे थांबवता येतं.

लोहाच्या रेषा वरवरच्या असतात, कीड नव्हे. औषध मुळीच बंद करू नका. थेंब जिभेच्या मागच्या भागावर सोडा, वर घोटभर पाणी पाजा, ब्रश चालू ठेवा. राहिलेला डाग दवाखान्यात पाच मिनिटांत निघतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, त्यांना ही मुलं मुद्दाम दाखवा. २०१३ साली हा कार्यक्रम आपल्या पालघरमधूनच सुरू झाला, आणि दात तपासणं त्यांच्या कामातच आहे.

प्रश्न : पहिलीत मुलांचे दात पडायला लागतात आणि वर्गात रोज तोच विषय. याचा शिकवायला उपयोग होईल का?
(एक शिक्षिका, सिंधुदुर्ग)

उत्तर : भिंतीवर 'बोळकं पंचांग' लावा. महिन्याचा तक्ता, आणि ज्याचा दात पडला त्याने त्या तारखेला दाताचं चित्र काढायचं. पडलेल्या दाताचं घरी काय केलं, हेही सांगू द्या. कुणी कौलावर फेकतं, कुणी उंदराच्या बिळात टाकतं, कुणी तुळशीत पुरतं, आणि बोलायला लाजणारी मुलंही इथे बोलतात.

ह्याच वयात आरसा देऊन दाढा मोजायला लावा. दुधाचे दात २०, म्हणजे प्रत्येक जबड्यात प्रत्येक बाजूला पाच. सहाव्या वर्षाच्या आसपास त्यांच्याही मागे एक नवी मोठी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे ती आलेली कुणाला कळत नाही आणि पालक तिला दुधाचीच समजतात. ती कायमची असते. 'पाच मोजा, सहावी शोधा' हा खेळ मी पहिलीत हमखास घेते. सापडली की घरी चिठ्ठी पाठवा: तुमच्या मुलाची सहावी दाढ आली, ही आयुष्यभराची आहे, रात्री तिथपर्यंत ब्रश न्या.

प्रश्न : 'आमच्या घरी कोण कशाने दात घासतं' असा तक्ता मी चौथीच्या मुलांकडून भरून घेतला. २६ पैकी नऊ घरांत मशेरी निघाली, दोन मुलं स्वतः लावतात. आता वर्गात काय बोलू? कुणाच्या आईचा, आजीचा अपमान व्हायला नको.
(एक शिक्षक, जुन्नर तालुका)

उत्तर : गुरुजी, तुम्ही थांबून विचारलंत, हे फार बरं केलंत.

माझी आजी मशेरी लावायची. पहाटे चुलीवर तव्यात तंबाखू काळीकुट्ट होईपर्यंत भाजायची, आणि तो वास मला अजून आठवतो. तिची सवय दाढदुखीतून लागली. बाळंतपणानंतर दाढ ठणकत होती, शेजारणीने चिमूटभर दिली, ठणका थांबल्यासारखा वाटला. दवाखान्यात येणाऱ्या कितीतरी बायकांची गोष्ट हीच असते. दंतवैद्य मिळाला नाही, म्हणून तंबाखू मिळाली. म्हणून मशेरी लावणाऱ्या बाईवर रागावायचा मला तरी हक्क वाटत नाही.

मुलांसमोर मशेरी म्हणजे काय तेवढं सरळ सांगा: ती जळकी तंबाखू आहे, दात साफ करायची वस्तू नाही. तंबाखू घातलेल्या पेस्ट आणि दंतमंजनांवर आपल्या देशात १९९२ सालीच बंदी आली. तिच्यात निकोटिन असतं, त्यामुळे सकाळी ती नसली की चैन पडत नाही. लावणारी माणसं वाईट, हे वाक्य वर्गात येऊ देऊ नका. घरचं कुणाचं नाव फळ्यावर नको, तक्ताही भिंतीवरून काढून ठेवा.

ती दोन मुलं एकेकटी जवळ घ्या. बहुधा आजीच्या बोटावरचीच त्यांनी पहिल्यांदा चाखलेली असते. त्यांना ब्रश द्या आणि महिनाभर शाळेत रोज तुमच्यासमोर घासू द्या. पालकसभेत एकच गोष्ट मागा: मशेरीची पुडी आणायला मुलांना दुकानात धाडू नका. १८ वर्षांखालच्यांना तंबाखू विकणं आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत ती विकणं, दोन्ही कायद्याने बंद आहे. हे दुकानदाराला गावातला शिक्षक सांगतो तेव्हा त्याचं वजन वेगळं पडतं.

आणि आज्यांना बोलवा. मी दोन गावांत आज्यांची वेगळी बैठक घेतली. खुर्च्या नाहीत, सतरंजी, चहा आणि हातात आरसा. खालचा ओठ ओढून बघायचा, गालाची आतली बाजू बघायची. न पुसली जाणारी पांढरी किंवा लाल चकती, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड कमी उघडणं, यातलं काही दिसलं तर लगेच दाखवायला यायचं. एका बैठकीत दोघींना अशा चकत्या निघाल्या. सोडायची तयारी असेल त्यांना १८००-११२-३५६ हा सरकारचा बिनपैशाचा दूरध्वनी द्या, सोडवायला मदत करणारी माणसं तिथे असतात. नातवाने हात धरून आणलेली आजी माझं जितकं ऐकते, तितकं एरवी ऐकत नाही.

प्रश्न : परिपाठात आम्ही दात तपासतो आणि स्वच्छ दातांच्या मुलांना बिल्ला देतो. आमच्या गावात निम्म्या मुलांच्या दातांवर तपकिरी डाग आहेत. घासून घासूनही जात नाहीत. त्यांना बिल्ला कधीच मिळत नाही. एक मुलगा विटेच्या भुकटीने घासतो असं कळलं.
(एक शिक्षिका, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : बाई, तो बिल्ला उद्यापासून बंद करा, ही माझी हात जोडून विनंती. ह्या मुलांचे दात घाण नाहीत. डाग पाण्यातल्या जादा फ्लोराइडचे असण्याची दाट शक्यता आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड ह्या जिल्ह्यांतल्या अनेक गावांत ही जुनी व्यथा आहे. दात जबड्यात घडत असतानाच तो डाग आत मुरतो, म्हणून ब्रशाने जात नाही. विटेची भुकटी, राखुंडी, कोळसा यांनी वरचं चांगलं आवरणही खरवडून निघतं. त्या मुलाला हे एकट्याला बोलावून सांगा, आणि चूक तुझी नाही हे आधी सांगा.

वर्गाला त्याऐवजी पाण्याचा नकाशा काढू द्या. गावातली प्रत्येक विहीर, हातपंप, बोअर, आणि कुणाचं घर कुठलं पाणी पितं. नकाशा तयार झाला की तो ग्रामपंचायतीला द्या आणि प्रत्येक ठिकाणचं पाणी फ्लोराइडसाठी तपासून मागा. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त दीड. खोल बोअरचं पाणी बहुधा जास्त धोक्याचं. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटल्याने वाढतं, हे घरोघर सांगायला हवं. जादा फ्लोराइडमुळे होणाऱ्या ह्या विकाराला फ्लोरोसिस म्हणतात; त्यासाठी केंद्राचा वेगळा कार्यक्रम २००८-०९ पासून आहे, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे त्याच नावाने मागणी करा. लहान भावंडांना तरी सुरक्षित पाणी मिळालं, तर त्यांचे कायमचे दात डागाविना येतील. डाग साधारण आठव्या वर्षापर्यंतच बनतात, म्हणून घाई आहे.

ब्रश सोडू नका. डागाळलेल्या दातांनाही कीड लागते. सहा वर्षांखालच्या मुलांना तुमच्या पाण्याबरोबर कुठली पेस्ट द्यायची, ते जवळच्या दंतवैद्याला पाण्याचा अहवाल दाखवून विचारा.

प्रश्न : वाढदिवसाला मुलं वर्गात चॉकलेटं वाटतात. बंद करावं का?
(एक मुख्याध्यापिका, सांगली)

उत्तर : वाटू द्या, पण खिचडीनंतर लगेच, आणि वर पाणी. जेवणाच्या लाल चौकोनातच ते जातं, नवा चौकोन वाढत नाही. पेरू, बोरं, फुटाणे, उसाऐवजी काकडी अशी पद्धत पाडता आली तर उत्तमच. चिक्की पौष्टिक म्हणून वाटतात, पण गूळ दाढांच्या खाचांत तासभर बसतो, तीही जेवणाबरोबरच बरी. चौथीला पेयाच्या पुड्यांवर गणित घाला: १०० मिलिलिटरला १३ ग्रॅम साखर लिहिली असेल, तर २०० मिलिलिटरच्या पुड्यात किती? आणि ५ ग्रॅमचा एक चमचा धरला तर किती चमचे? ते चमचे मोजून ताटलीत काढून ठेवा.

प्रश्न : मधल्या सुट्टीत कबड्डी खेळताना एका मुलाचा पुढचा दात मुळासकट निघाला. आम्ही तो कागदात गुंडाळून पालकांना दिला. दंतवैद्य म्हणाले, उशीर झाला. आम्ही काय करायला हवं होतं?
(एक शिक्षक, नंदुरबार जिल्हा)

उत्तर : सर, हे शिक्षकांना कुणी शिकवलेलंच नसतं, मनाला लावून घेऊ नका. पुढच्या वेळेसाठी सांगते. मूल बेशुद्ध झालं, उलटी झाली, तर आधी दवाखाना, दात नंतर. तसं नसेल तर दात शोधा. पांढऱ्या टोकाकडून धरा, मुळाला हात लावू नका, पुसू नका, खरवडू नका. माती लागली असेल तर दुधाची किंवा पाण्याची हलकी धार, काही क्षणच. मोठं, समजूतदार मूल असेल तर सरळ बाजूने दात खाचेत बसवा आणि स्वच्छ रुमाल चावून धरायला सांगा. ते जमत नसेल तर पेलाभर थंड दुधात दात टाका आणि अर्ध्या तासात दंतवैद्य गाठा. कोरड्या कागदात मुळावरच्या पेशी मरतात. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं दवाखान्यात विचारा.

हे फक्त कायमच्या दातासाठी. दुधाचा दात परत बसवायचा नाही, खालच्या नव्या दाताला इजा होते. ओळखायचं असं, की नवा आलेला कायमचा पुढचा दात रुंद असतो आणि त्याची कड करवतीसारखी असते.

हे मुलांनाही शिकवा. लसणाची सोललेली पाकळी घ्या, जाड बाजू म्हणजे दिसणारा दात, निमुळती म्हणजे मूळ. पाकळी मैदानात टाका, एकाने शोधायची, जाड बाजूने उचलायची, दुसऱ्याने दूध आणायला पळायचं. माझ्या गुरुवारच्या एका शाळेत हा खेळ झाल्यावर चार महिन्यांनी चौथीतली एक मुलगी वर्गमित्राचा दात दुधाच्या पेल्यात घेऊन, वर तळहात झाकण धरून, गुरुजींच्या मोटरसायकलवर मागे बसून माझ्या दवाखान्यात आली होती. पुढे तो मुलगा आणि त्याची आई. मुलगा आता अकरावीला आहे. मागच्याच महिन्यात तपासणीला आला होता, दात घट्ट आहे.